बंगलेवाली करील ते

काकीनं मला पहिली शिवी दिली ती टीव्हीला दिली.

कारखान्यातला माझा तो पहिलाच दिवस. कारखाना म्हणजे गणपतींचा. आमच्या पेणच्या बाजूला नुसतं कारखाना म्हटलं की कुणी भोंगा आणि चिमणी डोळ्यासमोर आणत नाय, गणपतीच आणतात. मला मुकुटाला सोनेरी मारायला बसवलं होतं आणि मी आपली हौसेनं मारत होते. मुकुट झाला, कुंडलं झाली, वाटीत थोडं उरलं म्हणून पाटाच्या कडेलाही एक हात फिरवला. काकी, म्हणजे आमची मालकीण, त्या दिवसात दोन-तीन वेळा समोरून गेली, थांबून बघून गेली, पण तोंडातून चकार शब्द नाय. मी म्हटलं, बरं झालं बाई, गरीब गाय आहे.

दिवेलागण झाली तशी सगळ्यांनी ब्रश ठेवले, हात घासले आणि टीव्हीसमोर बसले. मीही बसले. मालिका लागली. मोठा बंगला, बंगल्यात गोल जिना, आणि एक मोलकरीण चहाचा ट्रे घेऊन जिन्याखालून चाललेली. तिला बघून काकी कडाडली, "काय गो ए सटवे, सोनेरी रंग काय बापाच्या घरून आणलास? मुकुटाला मार म्हटलं तर पाटाला थापतेस? उद्या उंदीरमामालापण सोन्यानं मढवशील!"

पडद्यावरच्या बाईच्या हातात चहा. रंगाचा मागमूस नाय. मी शेजारणीला हळूच विचारलं, "काय गो, म्हातारीला कमी दिसतं काय?"

तिनं मला कोपरानं ढोसलं. "गप बस. तुलाच म्हणते ती."

लेकी बोले सुने लागे, अशी आपल्यात म्हण आहे. लोक ती वर्षातनं एकदा वापरतात. काकीनं अख्खा संसार आणि अख्खा कारखाना त्या एका म्हणीवर चालवला. माणसाच्या तोंडावर ती कधी काही बोललीच नाय. बरं नाय, वाईट नाय, काहीच नाय. टीव्ही नव्हता तेव्हा चुलीशी बोलायची म्हणे, आणि त्याच्याही आधी, सासू जिवंत होती तेव्हा, गोठ्यातल्या म्हशीशी. त्या म्हशीनं जे ऐकून घेतलं ते कुणा माणसानं घेतलं नसतं. पुढं म्हैस गेली, सासू गेली, नवराही गेला आणि टीव्ही आला.

दिसायला एवढीशी. काळीसावळी, चष्म्याची काडी मोडलेली म्हणून तिथं दोरा बांधलेला, नखांत कुठला ना कुठला रंग बारा महिने. टीव्ही कारखान्यातच फळीवर, पांढऱ्या कच्च्या गणपतींच्या रांगेत ठेवलेला. दिवसभर त्यावर प्लास्टिक असायचं, कारण मूर्ती घासून पॉलिश करताना धूळ उडते ती सगळीकडं बसते. मालिकेच्या वेळेला ते प्लास्टिक काढायचा मान तिचा. दुसऱ्या कुणी काढलं तर त्या दिवशी बंगल्यातल्या ड्रायव्हरची खैर नसायची.

हळूहळू मला सगळं कळायला लागलं. बंगल्यातली मोलकरीण म्हणजे आम्ही बायका. ड्रायव्हर म्हणजे टेम्पोवाला आणि माती मळणारे गडी. बंगल्यात एक वकील यायचा, तो म्हणजे कल्याणवरून माल न्यायला येणारा व्यापारी. आणि नुसतं तिनंच बोलायचं असं नव्हतं हं. उत्तर द्यायचं तर तेही टीव्हीलाच द्यायचं. टेम्पोवाल्याला बहिणीच्या लग्नाला सुट्टी हवी होती, तर तो बापडा हात जोडून पडद्याला म्हणाला, "ड्रायव्हरला मालकांनी चार दिवस सोडायला पायजे, घरात कार्य हाय त्याच्या." काकी जरा वेळानं पडद्यालाच म्हणाली, "जाऊ दे की. पण मांडवात पिऊन पडला तर परत येऊ नको म्हणावं." झाली रजा मंजूर! मला आधी हसू आवरायचं नाय. मग माझंही तोंड तिकडंच वळायला लागलं. घरी नवऱ्याशी भांडतानाही मी बातम्या लावायचे.

फक्त एका वेळी ती टीव्हीशीही बोलायची नाय, डोळे आखताना. आमच्याकडं त्याला आखणी म्हणतात. बाकी सगळा गणपती आम्ही रंगवायचो, पण डोळे तिनंच आखायचे. नवरा ऐन हंगामात गेला, तेव्हा माल अर्धा बिनडोळ्यांचा पडला होता. सुतक फिटलं तशी तिनं ब्रश उचलला आणि पुन्हा कुणाला दिला नाय. आखणीला बसली की अख्ख्या शेडमध्ये कुणी खोकायचंसुद्धा नाय. श्वास धरून एक रेघ, श्वास सोडून दुसरी. झालं की त्या मूर्तीकडं ती परत बघायची नाय. म्हणायची (कुणाला? टीव्हीला!), "डोळे उघडले की तो ज्याच्या घरी जायचा त्याचा झाला. आपण कशाला बघत बसायचं?"

आता ती मालिका. गोष्ट सांगायची तर काही नाय. एक गडगंज घर, त्यांची कंपनी, बाप मेलेला, आई विधवा, तिचे दोन मुलगे आणि कंपनी कुणाच्या हातात जायची यावरनं मारामारी. आम्ही कुणी त्यांची नावं घेतली नाय. आई ती बंगलेवाली. थोरला मुलगा झोपतानासुद्धा कोट घालायचा, तो कोटवाला. धाकटा तो दाढीवाला. काकीला त्या कंपनीचा फार राग. "एवढी मोठी कंपनी, एवढी मोठी कंपनी करतात, पण बनवतात काय रे? एक डबा तरी दाखवा, एक खिळा तरी दाखवा! नुसते जिने उतरतात नि चढतात. माल कुठं हाय यांचा?" खरंच, आम्ही एवढी वर्षं बघितली, त्या कंपनीत काय बनतं ते शेवटपर्यंत कळलं नाय.

राग होता, पण बंगलेवालीवर जीवही होता. तिचा नवरा गेला त्याच सुमाराला काकीचा गेलेला. तिला दोन मुलगे, हिला दोन मुलगे. तिची कंपनी, हिचा कारखाना. काकीनं मनाशी गाठच मारून टाकली. "तिचं नि माझं एकाच पानावर लिवलंय," असं ती म्हणायची. बंगलेवालीनं मधुमेह झाला म्हणून गोड सोडलं, काकीनं सोडलं. काकीला मधुमेह नव्हता. बंगलेवालीनं चोरी करणाऱ्या माळ्याला माफ केलं, तर काकीनं आदल्या वर्षी हाकललेल्या गड्याला दुसऱ्या दिवशी निरोप धाडला. आम्हाला याची गंमत वाटायची. गंमत कुठवर, तर आपल्या पोटावर येत नाय तोवर.

काकीचा धाकटा कारखान्यातच होता. साचे तो काढायचा, माती तो बघायचा, रात्री पावसाचं पाणी शेडमध्ये शिरलं तर तो धावायचा. शाळा सुटली की आला तो तिथंच राहिला. अबोल पोर. आईशी त्याचं सगळं बोलणं टीव्हीतून. त्याला रंगाचं मशीन घ्यायचं होतं तर सहा महिने दाढीवाल्याला सल्ले देत होता, "नवीन मशीन घे रे बाबा, हातानं किती मारशील?" आणि काकी त्याच दाढीवाल्याला सांगायची, "हाताला काय झालंय तुझ्या?" शेवटी मशीन आलं. पण या मायलेकरांनी एकमेकांकडं बघून ते ठरवलं असं कधी झालं नाय. त्याला ती बोली लहानपणापासून पाठ होती. आईशी बोलायचं तर असंच बोलायचं, एवढंच त्याला माहीत.

थोरला अगदी उलट. तो रोह्याला, एमआयडीसीत माणसं पुरवायची कंत्राटं घ्यायचा. फ्लॅट घेतला, गाडी घेतली, गौरी-गणपतीला बायकोला घेऊन यायचा नि आरती झाली की निघायचा. पण एक होतं. तो आईशी तोंडावर बोलायचा. सगळ्या घरात तो एकटाच. लहानपणी म्हणे बापानं मारलं तर आईसमोर येऊन उभा राहायचा, "तू मधी का नाय पडलीस?" असं थेट विचारायचा. काकीला त्याचं केवढं कौतुक! बंगलेवालीला सांगायची, "माझा थोरला आडून बोलत नाय हां. आत एक, बाहेर एक, असं नाय त्याचं." ज्या बाईनं अख्खा जन्म आडून बोलण्यात काढला तिला सरळ बोलणाऱ्या पोराचा अभिमान. माणसाचं मन कुणाला कळलंय!

मग हायवे रुंद झाला. आमची शेड आतल्या बाजूला होती ती एकदम रस्त्याला लागली. लगेच थोरल्याच्या मनात आलं की इथं गणपती कसले बनवता, मोठं गोडाऊन बांधू, डोलवीच्या स्टीलच्या कंपनीकडं जाणाऱ्या गाड्या दिवसरात्र याच रस्त्यानं जातात. त्यासाठी जागा नि सगळा कारभार आईनं त्याच्या नावे करून द्यायला पाहिजे होता. पण ही गोष्ट तो स्वतः आला नाय सांगायला. काय झालं होतं त्याला देव जाणे. आधी मामाला पाठवलं. मामानं चहा पिऊन सगळं काकीला समजावलं. काकी ऐकून टीव्हीला म्हणाली, "मामालोकांनी भाचरांच्या धंद्यात पडू नये." मग थोरली सून येऊन गेली. तिला उत्तर मिळालं तेही पडद्यातून मिळालं. काकी म्हणाली, "बंगलेवालीच्या घरातपण आता तेच चाललंय. ती ज्याला देईल त्याला मी देईन."

झालं की नाय कपाळ! आमची चूल आता मुंबईत बसून मालिका लिहिणाऱ्या कुठल्यातरी माणसाच्या हातात गेली. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की पेणजवळच्या एका शेडमध्ये पंधरावीस माणसं त्याच्या तोंडाकडं बघत बसलीत? त्यानं कंपनी कोटवाल्याला दिली की आमचा कारखाना गेला, इतकं ते सरळ होतं. त्यानंतर मालिका बघणं म्हणजे निकालाची वाट बघणं झालं. दाढीवाला पडद्यावर दारू प्यायला तर आमच्याकडं धाकट्याची बायको पदर तोंडाला लावायची. कोटवाल्यानं आईला औषध दिलं की आम्ही एकमेकींकडं बघायचो. माझ्या शेजारणीनं तर बाप्पाला नारळ बोलला, दाढीवाल्याला कंपनी मिळू दे म्हणून. मी तिला वेड्यात काढली आणि घरी जाऊन मीही बोलले. धाकटा मात्र काही म्हणायचा नाय. एका संध्याकाळी फक्त पडद्याला म्हणाला, "दाढीवाल्याला दुसरं काय येतं? त्यानं कुठं जायचं?" काकीनं ऐकलं. आणि मालिका संपायच्या आधीच उठून टीव्हीवर प्लास्टिक टाकलं.

श्रावण लागला होता. गणपती तोंडावर, माल वाळत नाय म्हणून शेडमध्ये जागोजाग दिवे लावलेले, बाहेर वारा असा की पत्रे धडधडत होते. अशा संध्याकाळी थोरल्याची गाडी दारात येऊन थांबली. ना सण, ना वार. थोरला उतरला, मागून सून उतरली, तिच्या हातात पेढ्यांचा पुडा. थोरल्याच्या हातात चामडी पिशवी. त्याच्या शर्टाच्या खिशाला पेन लावलेलं होतं, ते मला आधी दिसलं. कंत्राटदाराच्या खिशाला पेन असतंच, पण मला ते खुपलं.

"आये, आज मालिका तुझ्याबरोबर बघतो," म्हणाला आणि पाटावर मांडी घालून बसला. मेल्या, तू जन्मात कधी बघितलीस?

काकीला काय आनंद! तिनं टीव्हीवरचं प्लास्टिक काढलं आणि पदरानं पडदा पुसला. तसं ती कधी करायची नाय. धाकटा मागं मातीच्या पिंपाजवळ उभा राहिला, हात कोपरापर्यंत भरलेले. आम्ही बायकांनी घरी जायचं नावच काढलं नाय.

मालिका लागायच्या आधी सून काकीच्या कानाशी लागली. "आई, आज बघाच हं तुमची बंगलेवाली. काय शहाणी बाई आहे! डोळ्यांत पाणीच येतं."

डोळ्यांत पाणी येतं? अजून भाग लागायचाय, आणि हिच्या डोळ्यांत पाणी कधी आलं? नागोठण्याला माझी भाची आहे, ती हीच मालिका मोबाईलवर बघते. पैसे भरले की संध्याकाळचा भाग सकाळीच बघायला मिळतो म्हणते. म्हणजे हे दोघं बघून आलेत. बंगलेवाली आज कोटवाल्याला सगळं देणार हे त्यांना माहीत आहे, म्हणूनच आज कागद आणलेत. आणि काकीला यातलं काही ठाऊक नाय. तिच्या मते मालिका संध्याकाळी घडते तेव्हाच घडते, त्याआधी ती कुणालाच माहीत नसते.

सांगू कशी? ते त्यांचं घर, मी रंगवणारी बाई. आणि त्या शेडमध्ये बोलायची रीत एकच. मी टीव्हीकडं तोंड केलं आणि कोटवाल्याला म्हटलं, "ए मुडद्या, पेपर फोडून परीक्षेला बसलायस होय रे!"

सून चपापली. थोरल्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. पण जिला सांगायचं होतं ती काकी पडद्यातल्या मोलकरणीला म्हणाली, "आज फार जीभ चालते गो तुझी. थोरला आलाय, जरा नीट बस." तिला वाटलं मी धाकट्याची बाजू घेऊन टोमणा मारतेय. आता याच्यापुढं मी काय करणार?

भाग सुरू झाला. बंगलेवाली खुर्चीत. समोर काचेचं टेबल, टेबलावर कागद. एका बाजूला कोटवाला, दुसऱ्या बाजूला दाढीवाला, आणि तो वकील. कुणी काही बोलत नाय, नुसतं ढ्याण ढ्याण वाजतंय. नेहमी अशा वेळी काकी बंगलेवालीला भंडावून सोडायची, हे बघ, ते बघ, वकिलावर विश्वास ठेवू नको. त्या दिवशी तीही गप्प. आखणीला बसल्यासारखी.

बंगलेवाली म्हणाली की ह्यांनी रक्ताचं पाणी करून कंपनी उभी केली. काकीनं मान हलवली. बंगलेवाली म्हणाली की आता माझे हात थकले. काकीनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. थोरल्यानं तेवढ्यात पिशवी उघडली. आवाज न करता कागद काढले, आईपुढं पेढ्यांच्या पुड्याशेजारी ठेवले आणि खिशातलं पेन काढून त्यांच्यावर ठेवलं. पडद्यावर बंगलेवालीनं पेन उचललं. इकडं काकीनं उचललं. मी मागं वळून धाकट्याकडं बघितलं. त्याचे डोळे आईच्या हातावर होते, टीव्हीवर नव्हते. त्याच्या हातांवरची माती वाळून तडकायला लागली होती. बंगलेवालीनं एकदा कोटवाल्याकडं बघितलं, एकदा दाढीवाल्याकडं, पेन कागदाजवळ नेलं,

आणि लाईट गेली.

शेड काळीकुट्ट. पत्रे वाजतायत, बाहेर पाऊस कोसळतोय. धाकट्याच्या बायकोनं चाचपडत मेणबत्ती लावली. काकी पेन धरून तशीच बसलेली, तोंड टीव्हीकडं. थांबली होती बिचारी. लाईट येईल, बंगलेवाली काय करते ते दिसेल, मग आपण करू.

थोरल्याला दम धरवला नाय. जन्मभर सरळ बोललेला माणूस, आडून खेळायची सवय कुठून असणार? तो म्हणाला, "आये, ती सही करते. कोटवाल्यालाच देते सगळं. तू कर."

काकीची मान हळूहळू त्याच्याकडं वळली. "तुला कसं ठाव?"

तुला! मी त्या कारखान्यात एवढी वर्षं काढली, तिच्या तोंडून समोरच्या माणसाला 'तुला' गेलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"अंदाज हो आई, अंदाज," सून मध्ये पडली. पण थोरला खोटं बोलला नाय. तेवढं त्याचं मी आजही कबूल करते.

"सकाळी बघितलं, मोबाईलवर," म्हणाला.

"दाखव."

त्यानं मोबाईल काढला, बोटानं पुढं-पुढं केलं आणि तिच्या हातात दिला. काकीनं तो चष्म्याला लावला. त्या एवढ्याशा उजेडात तिचं तोंड आम्हाला दिसत होतं. बंगलेवालीचं रडणं ऐकू आलं, कोटवाल्याचं 'आई, आई' ऐकू आलं, मग गाणं लागलं. म्हणजे सही झाली. माझ्या शेजारणीनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. गेला कारखाना, मी मनात म्हटलं.

काकीनं मोबाईल परत केला. पेन कागदावर ठेवलं, आणि कागद त्याच्याकडं सरकवले.

"तिचा थोरला आधी बघून नव्हता आला," ती म्हणाली.

एवढंच. आवाज चढवला नाय, शिवी नाय, काही नाय. थोरल्याची मान खाली गेली. सूनबाई कागद गोळा करून पिशवीत कोंबायला लागली. आणि मला, खोटं कशाला सांगू, इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. कारखाना वाचला! आम्ही बायका अंधारात एकमेकींचे हात धरून बसलो होतो. धाकट्याची बायको तर रडतच होती. पोराच्या कष्टाचं चीज झालं, देवाला दिसलं, असं सगळं माझ्या मनात येत होतं. आता काकीनं गप्प बसायला हवं होतं. जन्मभर जिनं कुणाच्या तोंडावर शब्द काढला नाय, तिनं त्या दिवशीही काढायला नको होता. पण एकदा बांध फुटला की पाणी कुणाचं शेत बघत नाय.

"मामाला धाडलंस," काकी म्हणाली. ती थोरल्याकडं सरळ बघत होती. "बायकोला धाडलंस. आज या बंगलेवालीला धाडलंस. तू कवा आलास? तू माझा सरळ बोलणारा पोर ना रे? तुझ्या एकट्याचं मला खरं वाटायचं. समोर येऊन उभा राहून म्हटलं असतंस, आये, मला दे, तर मी बंगलेवालीला कशाला विचारत बसले असते? तुलाच दिला असता. पहिल्यापासून तुझ्याचसाठी ठेवला होता. सगळा दिला असता रे, शेडसकट, साच्यांसकट, सगळा."

थोरला उठून उभा राहिला. सुनेनं त्याचा दंड धरला. आमच्या हातातले हात सुटले. धाकट्याची बायको रडायची थांबली होती.

मागं पिंपाजवळ काहीतरी हललं. धाकटा पुढं आला. मेणबत्तीच्या उजेडात येऊन आईच्या पुढ्यात उभा राहिला, इतका जवळ की ती मान वर करूनच त्याच्याकडं बघू शकली असती. दाढीवाल्याचं नाव त्यानं घेतलं नाय. टीव्हीकडं बघितलंही नाय.

"नि मी, आये?" त्यानं विचारलं.

काकीनं तोंड उघडलं. ओठ हलले. मग तिची मान, जन्माच्या सवयीनं, फळीवरच्या टीव्हीकडं वळली. टीव्ही बंद होता. ती त्या काळ्या पडद्याकडंच बघत राहिली. धाकटा उभा राहिला, आम्हीही बसून राहिलो. लाईट काय आली नाय.